पोच आल्याशिवाय पुढचं अक्षर नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, 'पोच' हा मराठीतला फार गुणी शब्द आहे. पूर्वी मनीऑर्डर केली की काही दिवसांनी समोरच्याच्या सहीचा किंवा अंगठ्याचा कागद परत यायचा, ती पोच. पत्राच्या शेवटी 'पोच द्यावी' असं लिहायची रीत होती. पैसे पाठवले म्हणजे काम संपलं असं नसे, पोच आली म्हणजे संपलं. आणि याच शब्दाला मराठी माणसानं दुसरा एक अर्थ देऊन ठेवलाय. चारचौघांत कसं बोलावं, कुठं थांबावं हे ज्याला कळत नाही त्याच्याबद्दल आपण म्हणतो, 'त्याला पोच नाही.' म्हणजे समोरच्यापर्यंत आपण पोचलो की नाही याची ज्याला फिकीर नाही, तो पोच नसलेला माणूस.

आज मी एका यंत्राबद्दल बोलणार आहे. ते पुण्यात तयार झालं, १९९१ साली. त्याचं नाव 'परम ८०००'. भारताचा पहिला महासंगणक म्हणून शाळेच्या पुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांत त्याचं नाव येतं. पण पुस्तकात यंत्राचं नाव आणि साल असतं, तिथंच गोष्ट संपते. त्या यंत्राच्या पोटात काय चाललं होतं, ते एकमेकांशी कसं बोलत होतं, हे कुणी सांगत नाही. मला त्या बोलण्यातच रस आहे. मी कविता लिहिणारा माणूस, तंत्रज्ञ नव्हे. पण एका टोकानं काही म्हणावं आणि दुसऱ्या टोकानं ते ऐकल्याची खूण द्यावी, हा आमच्याही धंद्यातला प्रश्न आहे.

सुरुवात पावसापासून करावी लागेल. बारामती-इंदापूर भागातल्या माणसाला हे पटकन समजेल. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस, आणि कालव्याचं पाणी जिथं पोचत नाही तिथं जिरायत. एकाच तालुक्यात दोन मुलूख. पिंपळीसारख्या गावात कुठल्याही पारावर जून महिन्यात एकच विषय असतो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी अजून आहे. त्यानंतर १९८७ साली देशभर मोठी अवर्षणाची आपत्ती आली. पाऊस कधी येणार, किती येणार, हे आधी कळावं असं सरकारलाही तितक्याच कळकळीनं वाटत होतं. आणि हवामानाचा अंदाज गणितानं काढायचा तर त्यासाठी अफाट आकडेमोड लागते. आकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातली हवा, तिचा दाब, ओलावा, वेग घ्यायचा आणि पुढच्या घटकेला काय होईल ते मांडायचं. उद्याचा अंदाज परवा हातात येऊन उपयोग नाही. म्हणून महासंगणक हवा.

त्या काळात महासंगणक म्हटलं की अमेरिकेची 'क्रे' कंपनी. भारतानं तिचं यंत्र मागितलं. अमेरिकेला शंका होती की हे यंत्र पावसाच्या हिशेबाला लावतील की क्षेपणास्त्रांच्या? बऱ्याच वाटाघाटी झाल्या. अखेर १९८८-८९ च्या सुमारास दिल्लीत हवामानाच्या कामासाठी क्रे एक्स-एमपी जातीचं यंत्र आलं. पण मागितलं होतं त्यापेक्षा लहान, आणि कशासाठी वापरायचं यावर बंधनं घालून. पावसाचा हिशेब दुसऱ्याच्या परवानगीनं करायचा, ही गोष्ट अनेकांना लागली.

त्याच सुमारास पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. १९८८ साली तिचं काम पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवारात सुरू झालं. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. त्यांना तीन वर्षांची मुदत आणि सुमारे ३० कोटी रुपये मिळाले. परदेशातून एक यंत्र आणायला जितका पैसा आणि वेळ गेला असता, साधारण तितकाच. त्यातून यंत्र बनवायचं आणि बनवणारी माणसंही घडवायची. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात 'अनुपम' आणि बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत 'फ्लोसॉल्व्हर' अशी कामं त्याच काळात चालू होती. म्हणजे पुणं एकटं नव्हतं.

आता प्रश्न असा की क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान मेंदू बनवणं आपल्याला शक्य नव्हतं. मग दुसरा मार्ग होता, अनेक साधे मेंदू एकत्र जोडण्याचा. एकट्या पैलवानाला जो धोंडा हलत नाही तो वीस जणांनी पहारी लावून हलवावा, तसा. यालाच समांतर संगणन म्हणतात. 'परम' हे नाव त्यातूनच आलं. 'पॅरलल मशीन'चा तो संक्षेप, आणि संस्कृतातला 'परम'ही त्यात बसला.

वीस जणांनी धोंडा हलवायचा तर 'हैय्या' एकाच वेळी म्हणावं लागतं. खरी अडचण तिथंच असते. माणसं गोळा करणं सोपं, त्यांचा ताल जुळवणं अवघड. महासंगणकातही मेंदू विकत मिळतात. ते एकमेकांशी कसे बोलणार, हा प्रश्न असतो.

सी-डॅकनं यासाठी 'ट्रान्सप्यूटर' नावाची चिप निवडली. ती ब्रिटनमधली. १९७८ साली तिथल्या सरकारच्या पैशातून 'इनमॉस' नावाची कंपनी निघाली होती. ब्रिस्टलला तिचे अभियंते बसत, वेल्समधल्या न्यूपोर्टला कारखाना होता. १९८७ मध्ये त्यांनी 'टी-८००' ही चिप बाजारात आणली. साधारण चिप एकटी काम करते आणि बाकीच्यांशी बोलायला वेगळी यंत्रणा लागते. ट्रान्सप्यूटरची गंमत अशी की तो जन्मालाच चार तोंडं घेऊन आला होता. प्रत्येक चिपला चार दुवे. एक दुवा एका शेजाऱ्याकडे, दुसरा दुसऱ्याकडे. मध्ये कुणी पाटील नाही, चावडी नाही. थेट दाराला दार. 'परम ८०००'मध्ये असे ६४ ट्रान्सप्यूटर होते. चौसष्ट घरं आणि प्रत्येकाला चार दारं, म्हणजे २५६ टोकं. कुठलं दार कुठल्या दाराला जोडायचं हे कामाप्रमाणं बदलता येत असे.

या दुव्यावरून बोलणं कसं चाले, ते बघण्यासारखं आहे. संगणकात एक अक्षर म्हणजे आठ खुणा, प्रत्येक खूण शून्य किंवा एक. या आठ खुणा आठ तारांवरून एकदम पाठवता येतात, रुंद रस्त्यावरून आठ बैलगाड्या शेजारी शेजारी जाव्यात तशा. किंवा एकाच तारेवरून एकामागोमाग पाठवता येतात, बांधावरून माणसं ओळीनं जातात तशा. या दुसऱ्या पद्धतीला 'सिरीयल' म्हणतात. ती काही नवी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई-ठाण्यादरम्यान तारायंत्र सुरू झालं, तेव्हाही एकच तार आणि त्यावरून एकामागोमाग येणाऱ्या खुणा. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत टेलिप्रिंटर रात्रभर खडखडत असत, तीही हीच पद्धत. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तारेचा स्वभाव संगणकात शिल्लक राहिला.

ट्रान्सप्यूटरच्या दुव्यावर दर सेकंदाला दोन कोटी खुणा धावू शकत. आठ खुणांचं एक अक्षर निघालं की त्याच्यापुढं दोन खुणा जात, 'येतंय, सावध व्हा' असं सांगणाऱ्या. मागं एक खूण जाई, 'संपलं' असं सांगणारी. अशा अकरा खुणा. आणि मग पाठवणारा थांबे. समोरून दोन खुणांची पोच येई, एक आणि शून्य, बस्स. ती पोच आल्याशिवाय पुढचं अक्षर तो पाठवत नसे.

प्रत्येक अक्षराला पोच. मला या कल्पनेचं मोठं अप्रूप वाटतं. शेतात रात्री दारं धरताना आपण काय करतो? एक जण पाटाच्या तोंडाशी, दुसरा वाफ्याच्या शेवटाला. शेवटचा माणूस ओरडतो, 'भरलं!' मग पहिला पाणी पुढच्या वाफ्याला लावतो. ओरडणं ऐकू आलं नाही तर वाफा फुटतो आणि पाणी भलतीकडं जातं. ट्रान्सप्यूटरमध्ये हीच व्यवस्था होती. घेणाऱ्याची तयारी नसेल तर देणारा गुपचूप उभा राही. घाई नाही, लोटालोटी नाही.

टी-८०० मध्ये त्याच्याही पुढची एक सोय होती. जागा असेल तर घेणारा अक्षर पुरतं येण्याची वाट न बघता, ते येऊ लागताच पोच सोडून देई. म्हणजे 'येऊ द्या, ऐकतोय.' गोष्ट सांगणाऱ्याला पोरं मधेमधे 'हूं' म्हणतात, तो हा हुंकार. पोवाड्यात शाहिरामागं झीलकरी असतात, ते ओळ संपायच्या आत सूर धरतात. मुशायऱ्यात शायरानं पहिला मिसरा म्हटला की लोक तो उचलून धरतात, मग दुसरा येतो. तो हुंकार थांबला तर सांगणाराही थांबतो. याच हुंकारामुळं दुव्यावर खंड पडत नसे आणि वेग वाढे.

या चिपसाठी एक भाषाही बनवली होती, 'ऑकम'. चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकम या इंग्रज विचारवंताच्या नावावरून. तिच्यामागं होता टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञानं १९७८ साली मांडलेला विचार, की अनेक कामं एकाच वेळी चालायची असतील तर त्यांनी एकमेकांशी फक्त निरोपानं बोलावं. ऑकममध्ये निरोप पाठवायचा असेल तर उद्गारचिन्ह लिहायचं, घ्यायचा असेल तर प्रश्नचिन्ह. देणारा उद्गार काढतो आणि घेणारा प्रश्न करतो. दोघं एकाच वेळी तयार असतील तरच व्यवहार होतो. विरामचिन्हांना इतकं काम मी कुठल्या कवितेतही पाहिलेलं नाही.

आता येतो आजच्या विषयाचा मुख्य माणूस. माणूस म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. त्याला इंग्रजीत 'ड्रायव्हर' म्हणतात. आपल्याकडं ड्रायव्हर म्हटलं की एसटीचं चाक डोळ्यापुढं येतं. हा तसा नव्हे. चौसष्ट ट्रान्सप्यूटर एकमेकांशी बोलत, पण त्यांना काम सांगणारा शास्त्रज्ञ बसलेला असायचा दुसऱ्याच एका साध्या संगणकापुढं. त्या संगणकाला ट्रान्सप्यूटरची भाषा येत नाही. त्याला आठ खुणा एकदम टाकायची सवय, ट्रान्सप्यूटरला ओळीनं घ्यायची. मध्ये एक जोडचिप असते, ती आठांची रांग करते आणि रांगेचे आठ करते. पण त्या जोडचिपला कधी काय सांगायचं हे कुणी तरी ठरवायला हवं. ते काम ड्रायव्हरचं.

त्याच्यासाठी मराठीत आधीच एक शब्द आहे, पारसनीस. दरबारात फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. 'नीस' म्हणजे नवीस, लिहिणारा. फडनीस, चिटणीस, पोतनीस ही सगळी त्याच कुळातली. दख्खनेत शेकडो वर्षं फारसी आणि मराठी शेजारी शेजारी नांदल्या, त्या या नवीस मंडळींच्या हातून. बादशहाचा हुकूम मराठीत आणायचा, मराठी सरदाराचं उत्तर फारसीत घालायचं, आणि दोन्हीकडं कुणाचा मान दुखावता कामा नये. इतिहासात राजाचं नाव राहिलं, पारसनीस आडनावापुरता उरला. ड्रायव्हरचंही तसंच आहे.

हा पारसनीस करतो काय? जोडचिपमध्ये चार छोट्या चौकटी असतात. एकीत जाणारं अक्षर ठेवायचं, दुसरीतून आलेलं घ्यायचं. उरलेल्या दोन चौकटी नुसत्या निशाण्या. एक सांगते 'मागचं अक्षर गेलं, पुढचं ठेवा', दुसरी सांगते 'तुमच्यासाठी काही आलंय.' ड्रायव्हर निशाणी बघतो, अक्षर ठेवतो, पुन्हा निशाणी बघतो. यात दोन रीती आहेत. एक म्हणजे घटकेघटकेला जाऊन पेटी उघडून बघायची, पत्र आलं का. यात सगळा वेळ हेलपाट्यांत जातो. दुसरी म्हणजे आपलं काम करत बसायचं आणि पोस्टमननं घंटी वाजवली की उठायचं. यात वेळ वाचतो, पण घंटी एकाच वेळी दोघांनी वाजवली तर आधी कुणाकडं जायचं, हे नीट ठरवून ठेवावं लागतं. चांगला ड्रायव्हर लिहिणं म्हणजे ही सगळी ठरवाठरवी. त्यात मोठं गणित नाही, पण कमालीचा धीर लागतो.

आणि एक धोका होता. या दुव्यांमध्ये चूक पकडायची काहीच सोय नव्हती. तारा आखूड असतील, नीट जोडलेल्या असतील, असं गृहीत धरलेलं. पण एखाद्या वेळी विजेचा झटका बसला आणि पोचेच्या दोन खुणा वाटेतच हरवल्या, तर? देणारा पोचेची वाट बघत बसणार. घेणारा पुढच्या अक्षराची वाट बघत बसणार. दोघंही सभ्य, दोघंही थांबलेले, आणि कायमचे थांबलेले. कुणी चूक केलेली नाही, तरी सगळं ठप्प. नात्यांत असं होतं, 'त्यानं आधी बोलावं' म्हणून वर्षानुवर्षं अबोला. म्हणून ड्रायव्हरमध्ये एक घड्याळ ठेवावं लागे. इतका वेळ थांबायचं, तेवढ्यात पोच आली नाही तर वाट बघणं सोडायचं, समोरच्याला झोपवून पुन्हा उठवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. अबोला मोडायची ही जबाबदारीसुद्धा मधल्या माणसाचीच.

हे उठवणंही मोठं सुंदर. ट्रान्सप्यूटर झोपेतून उठला की त्याला काहीच आठवत नसतं. तो चारही दारांकडं कान लावून बसतो. ज्या दारातून पहिलं अक्षर येईल, तिकडं लक्ष देतो. ते पहिलं अक्षर म्हणजे एक आकडा असतो. तो दोन किंवा त्याहून मोठा असेल, तर त्याचा अर्थ 'आता इतकी अक्षरं येणार आहेत, ती साठव आणि त्याप्रमाणं वाग.' एवढ्या छोट्याशा निरोपावर तो जागा होतो. मग तो आपल्या शेजाऱ्यांची दारं वाजवतो, त्यांना तोच निरोप देतो. ते पुढच्यांना. म्हणजे ड्रायव्हरनं फक्त पहिल्याला उठवायचं. पुढं घरोघर हाक जाते आणि सगळी वस्ती जागी होते. पहाटेच्या काकड्याला किंवा रमजानमध्ये सहरीला गल्ली जशी एकानं दुसऱ्याला हाक देत उठते, तशी.

मंडळी, इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 'परम' संपूर्ण स्वदेशी होता असं भाषणांत सांगितलं जातं. ट्रान्सप्यूटर ब्रिटिश होता, भारतात बनलेला नव्हता. म्हणून काही जण 'परम'ला कमी लेखतात, विकतच्या चिपा जोडल्या, त्यात काय मोठं, म्हणतात. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. पैठणीचं रेशीम काही पैठणला किंवा येवल्याला पिकत नाही. ते बाहेरून येतं. पैठणी ती विणण्यात असते. 'परम'मधलं आपलं काम जोडणीत होतं. कुठल्या दाराला कुठलं दार जोडायचं, काम चौसष्टांत कसं वाटायचं, कुणी अडला तर इतरांनी काय करायचं, बाहेरच्या माणसाचा हुकूम आत कसा पोचवायचा, हे सगळं पुण्यातल्या तरुण मुलामुलींनी लिहिलं.

आणि पुढं जे घडलं त्यानं ही गोष्ट सिद्ध केली. इनमॉस कंपनी टिकली नाही. सरकारनं १९८४ मध्येच ती विकली होती, पुढं १९८९ मध्ये ती आणखी एका कंपनीकडं गेली. ट्रान्सप्यूटरची पुढची पिढी वेळेवर आली नाही आणि आली तेव्हा बाजार दुसऱ्यांनी घेतलेला होता. ज्या चिपेवर 'परम' उभा होता, तिचं घराणंच बुडालं. चिप हीच आपली पुंजी असती तर कथा तिथंच संपली असती. पण सी-डॅकनं पुढच्या यंत्रांत आधी इंटेलची आय-८६० आणि नंतर स्पार्क घराण्यातली चिप घेतली. मेंदू बदलले, जोडायची विद्या हातात राहिली. १९९८ च्या 'परम १००००'साठी तर त्यांनी 'परमनेट' नावाचं स्वतःचंच जाळं तयार केलं. जून २००३ मध्ये 'परम पद्म' जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत १७१ वा आला. अलीकडच्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतही सी-डॅकनं 'त्रिनेत्र' नावाचं जोडजाळं विकसित केलं. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तीन 'परम रुद्र' यंत्रं देशाला अर्पण झाली, त्यातलं एक आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीसाठी आहे. त्याच दिवशी पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत 'अर्क' हा ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणक सुरू झाला. मे २०२५ मध्ये त्याच संस्थेनं तयार केलेली, सहा किलोमीटरच्या चौकोनांत पावसाचा अंदाज देणारी पद्धत देशात लागू झाली. आधीचा चौकोन बारा किलोमीटरचा होता. कालव्याखालचं रान आणि जिरायती माळ एकाच चौकोनात सापडू नयेत, ही आमच्या भागाची जुनी तक्रार. ती थोडी तरी कमी व्हावी.

ट्रान्सप्यूटरचा दुवाही पुरता मेला नाही. त्यातून सुधारलेली दुव्याची पद्धत युरोपीय अवकाश संस्थेनं पुढं नेली. 'स्पेसवायर' नावानं ती आज अनेक उपग्रहांत आणि जेम्स वेब अवकाश दुर्बिणीतही काम करते. ब्रिस्टलमध्ये सुचलेली आणि पुण्यात राबलेली थेट दाराला दार जोडण्याची रीत आता लाखो किलोमीटर दूर अंधारात चालू आहे.

पण त्या मधल्या माणसाचं, त्या जुन्या ड्रायव्हरचं काय झालं? ड्रायव्हर दोन गोष्टींच्या मध्ये असतो. दोहोंपैकी एक बदलली की तो निकामी होतो. संगणकाची कार्यप्रणाली नवी आली, जोडचिपचं कार्ड बसवायची खाच नव्या संगणकात राहिली नाही, की ड्रायव्हर गेला. लिनक्स ही सर्वांना खुली असलेली कार्यप्रणाली, तिचीही सुरुवात १९९१ ची. तिच्यातूनही अलीकडच्या वर्षांत जुन्या सिरीयल कार्डांचे अनेक ड्रायव्हर काढून टाकले गेले. कारण साधं होतं, ते वापरणारे आणि सांभाळणारे उरले नव्हते. यात कुणाचा दुष्टावा नाही. पण ड्रायव्हर गेला की समोर यंत्र धडधाकट असूनही मुकं होतं. जगात काही हौशी मंडळी जुने ट्रान्सप्यूटर अजून चालवतात, त्यासाठी नवे ड्रायव्हर लिहितात. आपल्याकडं अशी हौस मला फारशी दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, जुन्या यंत्राचं काय करायचं? हातातला फोन त्याच्यापेक्षा वेगवान आहे. खरं आहे. पण मोडीचं उदाहरण घ्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. कागद शाबूत, शाई शाबूत. विसाव्या शतकाच्या मध्यात शाळांतून मोडी गेली आणि वाचणारे झपाट्यानं कमी झाले. आज जमिनीच्या जुन्या कागदासाठी माणसं मोडी वाचणाऱ्याला शोधत फिरतात. कागद हातात असतो आणि वाचता येत नाही. मधला माणूस गेला की असं होतं.

हे आपल्या अगदी जवळ आलेलं आहे. ज्या सी-डॅकनं 'परम' बनवला, तिथंच 'जिस्ट' नावाच्या गटानं भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. ते काम मुळात कानपूरच्या आयआयटीत सुरू झालं होतं. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक ठरलं. त्यात आपला 'क' एका संगणकी अक्षरात मावे. आज युनिकोडमध्ये सर्वसाधारणपणे तोच 'क' तीन अक्षरांची जागा घेतो. पण मधल्या काळात छपाईसाठी प्रत्येकानं आपापल्या फॉन्टची वेगळी पद्धत काढली. नव्वदच्या दशकातली कितीतरी मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, कवितासंग्रह अशा पद्धतींत टाईप झाले आणि फ्लॉपीवर साठवले गेले. आज ती फ्लॉपी घालायला खाच नाही, ती वाचणारा ड्रायव्हर नाही, आणि यातून पार झालोच तर तो फॉन्ट नाही. पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात. दोनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद निदान हातात धरता येतो. तीस वर्षांपूर्वीची मराठी कविता हातात धरूनही वाचता येत नाही.

म्हणून मला वाटतं, यंत्रांच्या इतिहासात मधल्या दुव्यांची नोंद हवी. 'परम' कुठल्या साली झाला हे मुलांना पाठ असतं. तो कसा बोलायचा हेही कुणी तरी सोप्या मराठीत लिहून ठेवलं पाहिजे, आणि त्याचे मूळ प्रोग्रॅम कुठं असतील तर ते जपले पाहिजेत. ते लिहिणारी माणसं आज साठीच्या आसपास असतील. त्यांना विचारायला अजून वेळ आहे. संस्थांनी विचारावं, महाविद्यालयांतल्या मुलांनी विचारावं. मोडी जाणणारे होते तेव्हा आपण विचारलं नाही, नंतर वर्ग काढत बसलो.

आज आमच्या बारामतीत कृषी विकास ट्रस्टच्या प्रयोगांत उसाच्या रानात संवेदक बसवले जातात. ओल किती, ऊन किती, ते मोजून शेतकऱ्याच्या फोनवर सल्ला येतो. वरून उपग्रहाची छायाचित्रं, मागं कृत्रिम बुद्धिमत्ता, अशी मोठी नावं त्यात आहेत. पण मातीतला संवेदक शेजारच्या पेटीशी कसा बोलतो? अशा संवेदकांत अजूनही सर्रास सिरीयल पद्धतच असते. दोन तारा, एकामागोमाग जाणाऱ्या खुणा, आणि मध्ये कुणी तरी लिहिलेला छोटासा ड्रायव्हर. तो चुकला तर बुद्धिमत्ता कितीही मोठी असो, तिला माती कोरडी आहे की ओली हे कळणार नाही.

शेतकरी हे बरोबर ओळखतो. धरण किती टीएमसी भरलं याचे आकडे तो वर्तमानपत्रात वाचतो, पण विचारतो एवढंच, 'पाणी टेलला पोचलं का?' यंत्रांनाही, सरकारांनाही आणि कवितेलाही हाच प्रश्न विचारावा.